सोडलेला मासा जगतो का? आटपाडी भागातल्या एका तलावाचं प्रकरण

प्रकरण छोटं आहे, पण हौसेने गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी भागातला एक पाझर तलाव. मासेमारीचा ठेका भोई समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. काठावर रॉड घेऊन उभी राहणारी गावातली पंधरा-वीस पोरं. मे महिन्यात एका पहाटे राखणदाराला सांडव्याच्या बाजूला मोठे कटले मरून तरंगताना दिसले. उचलून बघितलं तर त्यांच्या जबड्याला गळाची भोकं. त्याच दिवशी संस्थेने गळवाल्यांना काठावर यायची बंदी केली. पोरं म्हणाली, आम्ही एकही कटला घरी नेलेला नाही, सगळे जिवंत सोडले. संस्था म्हणाली, मग हे मेले कसे? दोन्ही बाजू खरं बोलत होत्या, म्हणूनच भांडण मिटायला वेळ लागला.

मी याच भागातला, लहानपणापासून गळ टाकणारा. बैठकीला दोन्हीकडून बोलावणं आलं म्हणून गेलो आणि पुढेही या तलावावर जात राहिलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जागा कळली की रविवारी गाड्या भरून माणसं येतात, आणि ते या तलावाला परवडणारं नाही.

दुष्काळी गावाला काठ मिळाला

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर हा सांगली जिल्ह्याचा कोरडा भाग. वाळवा-मिरजेकडच्या माणसाला कृष्णा दारात असते. आमच्याकडे माणगंगा वर्षातला बराच काळ वाळूच दाखवते. आटपाडीत वर्षाचा पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आत. हा तलाव 1972 च्या दुष्काळी कामांतला. त्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिलेल्या बाया गावात अजून आहेत. बांध उभा राहिला, पण पुढची कित्येक वर्षं दिवाळी सरली की तळ दिसायचा. मासे म्हणजे शेवटच्या चिखलात पोरांनी हाताने धरलेले, एवढीच गावाची ओळख.

टेंभू योजनेने हे बदललं. कराड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णेचं पाणी अडवायचं, टप्प्याटप्प्याने उचलायचं आणि सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्याला द्यायचं, असं हे काम. मूळ आराखड्यातलं लाभक्षेत्र सुमारे 80 हजार हेक्टरांचं. आवर्तन, म्हणजे योजनेचं पाळीचं पाणी, सुटलं की वाटेवरचे तलाव भरून घेतले जातात. डाळिंबाला पाणी मिळालं, विहिरींना पाझर फुटला, आणि तलावात उन्हाळ्यातही पाणी राहायला लागलं. मग मासेमारीच्या ठेक्याला अर्थ आला. संस्था दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिलं, आणून सोडायला लागली. कटला, रोहू, मृगळ.

इथे एक गोष्ट बारकाईने बघायला हवी, कारण पुढचं भांडण तिच्यावर उभं आहे. हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी कटक इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून देशातल्या तलावांना बीज पुरवणं शक्य झालं. (10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याचाच.) मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली असं वाढवत नेलेलं बीज संस्था पैसे मोजून विकत आणते. वाहनातून आणताना काही मरतं, बगळे-पाणकावळे काही खातात, मरळ काही खाते. जे उरतं ते दोन पावसाळे सांभाळून जाळ्यात येतं. तलावातला प्रत्येक कटला हे कुणाचं तरी पेरलेलं पीक आहे. नदीतल्या माशासारखा तो सगळ्यांचा नाही. गावातल्या पोरांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

बेपूरच्या बांधावरून आलेला छंद

रॉड आणि रील गावात आणले ते एका गलाईवाल्या शेठनी. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. दुष्काळाने घराबाहेर काढलेली ही माणसं. केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत आमच्याकडचं एखादं गलाईचं दुकान सापडतंच. हे शेठ कोझिकोडला होते. भट्टी, तेजाब, धूर यात दिवस जायचा. संध्याकाळी दुकान बंद करून ते शेजाऱ्याबरोबर बेपूरला जायला लागले.

बेपूर म्हणजे चालियार नदी जिथे अरबी समुद्राला मिळते ते बंदर, लाकडी उरू जहाजं बांधण्यासाठी नावाजलेलं. नदीच्या मुखाशी दगडी बांध समुद्रात लांबवर गेलेले आहेत. त्या दगडांवर संध्याकाळी गळवाल्यांची रांग लागते. त्यात कुणी रिक्षा चालवतं, कुणी बँकेत असतं, कुणाच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. शेठ सांगतात, "तिथं मी पहिले कैक दिवस फक्त बघत बसलो. कोण कुठं उभा राहतो, दोरी कुणाच्या दोरीवरून जाऊ द्यायची नाही, होडी आत येताना सगळेच कसे रील गुंडाळतात. कुणी शिकवत नाही, पण चुकलं की सगळे तुमच्याकडं बघतात."

ओहोटी उलटून पाणी चालू लागलं की मासा चारा घ्यायला कडेला येतो, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ. खोटा मासा दोरीला बांधून दगडांच्या सावलीतून ओढत आणायचा. लागला तर बराकुडा, नाहीतर काळांजी. हा काळांजी म्हणजे आपल्या कोकणातला जिताडा. खाडीत वाढतो, आधी नर असतो आणि मोठा होता होता मादी होतो. म्हणजे फार मोठा जिताडा हा बहुधा अंडी देणारी मादीच. तिथले जाणते गळवाले म्हणून मोठा मासा पाण्यातच गळ सोडवून परत जाऊ देतात. शेठना या गोष्टीने झपाटलं. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडायचा. आमच्या भागात असं कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं.

धंदा मुलाकडे देऊन शेठ गावी परतले ते चार रॉड आणि खोट्या माशांनी भरलेला एक डबा घेऊन. तलावाला पाणी होतंच. दुसऱ्या वर्षी पोरांच्या हातात स्वतःचे रॉड आले. गलाईच्या घरांत पैसा आहे, त्यामुळे सामान चांगलं आलं. गणपतीला, दिवाळीला, मे महिन्याच्या सुट्टीत परगावचे भाऊबंद गावी आले की काठावर जत्राच. सुट्टीत गावी येऊन मोबाईल बघत बसणारी ही पोरं पहाटे पाचला उठून बांधावर जायला लागली, हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचा फार आनंद झाला होता. आजही आहे.

मेच्या त्या पहाटेला काय झालं

तलावात पोरांचं खरं लक्ष मरळीवर. शेवाळावरून आणि पाणगवतावरून रबरी बेडूक ओढत आणायचा, आणि खालून मरळ उसळून तो घेते. तो आवाज एकदा ऐकला की माणूस सुटत नाही. पण मे महिन्यात पाणी खाली गेलं, गवत उघडं पडलं, मरळ चिखलाच्या बाजूला गेली आणि बेडकाला काही येईना. मग पोरांनी शेंगपेंडीचा गोळा करून कटल्याला गळ लावले. कटला वरच्या थरात चारा घेणारा, वरच्या बाजूला वळलेल्या तोंडाचा मासा. पेंडीचा वास आला की कळपाने येतो. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पोरं बसायची आणि अंधार पडेपर्यंत चार-पाच मोठे कटले दमवून, फोटो काढून सोडून द्यायची. बेपूरचा नियम तंतोतंत पाळत.

नियम पाळला, पण पाणी दुसरं होतं. बेपूरच्या बांधाखाली लाट आपटते, पाणी सतत हलतं, हवा मिसळते. मे महिन्यातल्या पाझर तलावाचं गणितच वेगळं. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात तलाव आटून हिरवागार झालेला. हे हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच शेवाळ तो वापरतं. त्यामुळे सूर्य मावळल्यापासून पाण्यातला प्राणवायू उतरत जातो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. पहाटे तलावावर गेलं तर कटले वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते यामुळे.

आता त्या कटल्याचा विचार करा. दहा-पंधरा मिनिटं जीव तोडून ओढाताण. अंगात आम्ल साठलेलं, कल्ल्यांना पाणी हवं असताना मिनिटभर हवेत धरलेला. तापलेल्या कोरड्या हातांनी अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेलेला. त्याला सोडलं तेव्हा तो पोहत गेला, हे अगदी खरं. पण त्याची ताकद भरून यायला जेवढा प्राणवायू हवा तेवढा पुढच्या दहा तासांत त्या पाण्यात मिळणार नव्हता. पोरं घरी जाऊन जेवत होती तेव्हा मासा तळाशी कलंडत होता.

शेठना हे समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे मरळीला आपण सोडलं ती जगली, आणि कटला मेला, हे त्याच पाण्यात?" हो, त्याच पाण्यात. मरळ वर येऊन थेट हवा घेते. कल्ल्यांबरोबर हवेचा श्वास तिला लागतोच. बाजारात ती ओल्या टोपलीत तासन् तास जिवंत असते ती म्हणूनच. सोडलेली मरळ दोन घोट हवा घेऊन सावरते. कटल्याजवळ ती सोय नाही. एकाच काठावर, एकाच संध्याकाळी, एकाच हाताने सोडलेल्या दोन माशांचं नशीब असं वेगळं. मासा सोडला म्हणजे आपण सुटलो, असं मानणाऱ्या सगळ्या गळवाल्यांनी या दोन माशांकडे बघावं.

सभामंडपातली बैठक

बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. एका अंगाला संस्थेची माणसं, एका अंगाला पोरं आणि शेठ, मध्ये सरपंच. आधी जुनी उणीदुणी निघाली. संस्थेच्या जाळ्यांत पोरांचे तीन तोंडांचे गळ अडकले होते. तंगसाची (नायलॉनच्या दोरीची) जाळी फाडल्याशिवाय ते निघत नाहीत, आणि काढताना एका मच्छीमाराच्या अंगठ्यात गळ रुतून दवाखाना झाला होता. वेड्या बाभळीच्या बुडख्यांत तुटलेल्या दोऱ्या तशाच लोंबत होत्या. एकीत पाणकावळा अडकून मेला होता. पोरांची बाजूही होती. गाव आमचं, तलाव आमच्या आज्यांनी बांधलेला, आणि आम्हाला काठावर बसायची बंदी?

संस्थेचे चेअरमन वयस्क, कमी बोलणारे. ते म्हणाले, "बसायला कोण नको म्हणतंय? पर शेठ, तुमी मासा खेळायला धरताय, आमी खायाला धरतोय. खेळून मेला तर त्यो कुणाच्या खात्यात टाकायचा?"

या प्रश्नाला पोरांजवळ उत्तर नव्हतं. माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं, आजही आहे. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याचा हक्क पहिला. ठेका कागदावर संस्थेचा आहे म्हणून नव्हे फक्त. बोटुकलीचे पैसे तिने भरलेत, रात्री राखण तिने केली, आवर्तन लांबलं तर नुकसान तिचं होतं. हौशी माणसाने त्या काठावर पाहुणा म्हणून उभं राहावं. आज्यांनी वाहिलेल्या पाट्यांचा मान मोठा आहे, पण त्या पाट्यांनी पाणी अडवलं. मासे त्या पाण्यात संस्थेने सोडले.

शेठनीच मग वाट काढली. म्हणाले, "मेलेल्या कटल्यांची भरपाई मी देतो. आणि इथून पुढं तुमची पावती घेतल्याशिवाय कुणी रॉड उघडणार न्हाई." चेअरमननी भरपाई नाकारली, पावतीची गोष्ट मात्र धरून ठेवली. रात्री उशिरापर्यंत बोलणी चालली. ठरलं ते असं: दिवसाला 100 रुपयांची पावती, ती संस्थेच्या राखणदाराकडे, गावातल्या शाळकरी पोरांना माफ. कटला, रोहू, मृगळ यांना गळ लावायचाच नाही, चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडवायचा. मरळ चालेल. तीन तोंडांचा गळ बंद. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे तो माशाच्या तोंडातून आणि माणसाच्या अंगठ्यातूनही सहज निघतो. जाळी लावलेल्या बाजूला जायचं नाही. जाळं कुठे आहे ते राखणदार पावती देताना सांगेल. तुटलेली दोरी ज्याची त्याने गोळा करायची.

उन्हाळ्यावरून थोडं अडलं. एकजण म्हणाला, संध्याकाळ नको तर पहाटे बसू. पण पहाट म्हणजे प्राणवायू सगळ्यात कमी. दुपारी तो भरपूर, पण तेव्हा पाणी तापलेलं. कुठलीच वेळ बरोबर बसेना. शेवटी तलावाची पातळी सांडव्याखालच्या ठरलेल्या दगडाच्या खाली गेली की आवर्तनाचं पाणी येईपर्यंत गळ पूर्ण बंद, असं ठरलं. मला या सगळ्या ठरावातलं हे कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तारीख धरली असती तर एखाद्या वर्षी आवर्तन लांबल्यावर तिचा काही उपयोग झाला नसता. दगड सगळ्यांना दिसतो.

मरळीच्या पिलांचा प्रश्न

बैठकीत मरळीला मोकळीक मिळाली ती संस्थेच्याच आग्रहाने. मरळ बोटुकली खाते, तेव्हा गळवाल्यांनी ती काढली तर बरंच, असं संस्थेचं साधं गणित. पोरांनाही तेच हवं होतं. मी तेव्हा गप्प बसलो नाही, पण माझं कुणी फार मनावर घेतलं नाही. पावसाळ्यात प्रश्न समोर आलाच.

पावसाने पाणी चढलं की मरळ काठच्या गवतात जागा साफ करून अंडी घालते. पिलं निघाली की ती तांबूस-केशरी रंगाची, काडीएवढी, शेकड्यांनी एकत्र राहतात. लांबून पाण्यावर केशरी डाग सरकताना दिसतो. जवळ जाऊन स्थिर बसलं की कळतं, तो डाग सारखा उकळल्यासारखा हलतोय, कारण प्रत्येक पिलू हवेसाठी वर येतंय. त्यांच्या खाली नर-मादी फिरत असतात. मध्येच एक मोठा बुडबुडा येतो, तो आईचा किंवा बापाचा श्वास. पिलांच्या जवळ काही आलं, चिलापी (तिलापिया मासा) असो, बेडूक असो, की मरळ त्याच्यावर तुटून पडते. भुकेने नाही, राखणीने.

आणि म्हणूनच पिलांवरची मरळ धरणं सगळ्यात सोपं. रबरी बेडूक डागाच्या पलीकडे टाकायचा, पिलांवरून ओढत आणायचा, दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला ती घेतेच. जुलैमध्ये मी एका पोराला अशी मरळ काढताना पाहिलं. मासा मोठा, पोरगा खूश, फोटो झाला, मरळ पिशवीत गेली. मी त्याला थांबवून पाण्याकडे बघायला लावलं. केशरी डाग आधी घट्ट होता, तो विस्कटायला लागला. मग गवतातून चिलापी आल्या, एक, चार, दहा. पाण्यावर टपटप आवाज सुरू झाला. थोड्या वेळात डागाची जागा रिकामी. तो पोरगा पिशवी उघडून मरळ परत सोडायला धावला. सोडलीही. पण तोवर राखायला काही उरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला संस्थेपुढे हे मांडलं तेव्हा चेअरमन हसले. "मरळीची पिलं गेली तर माझं बीज वाचलं की वो." त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण संस्थेतल्याच एका तरुण मच्छीमाराने हिशोब फिरवला. जिवंत मरळीला बाजारात कटल्याहून कितीतरी जास्त भाव येतो, आणि पावत्या फाडून येणारी माणसं मरळीसाठीच येतात. मरळच राहिली नाही तर पावती कोण घेणार? शिवाय चिलापीची बेसुमार पिलावळ खायला मरळ लागतेच. यावर बरीच चर्चा झाली. अखेर जून ते सप्टेंबर पिलांवर गळ टाकायचा नाही, आणि इतर वेळी माणशी एकच मरळ घरी न्यायची, असं ठरावात वाढवलं.

समुद्राकाठच्या माणसांना हे उपजत कळतं असं शेठ म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना 1 जूनपासून 61 दिवस समुद्र बंद असतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर कोळी पुन्हा दर्याला सामोरा जातो. आमच्या तलावाला असा रिवाज नव्हता, कारण पाणीच नव्हतं. ज्या गावाला काठ मिळून अजून एक पिढी झालेली नाही, त्याला हे सगळं शिकावं लागणार आणि शिकायला वेळ द्यावा लागणार.

पुढे काय टिकलं, काय नाही

पावती टिकली. राखणदार मामा पावतीपुस्तक उशाला घेऊन झोपतात. उलटा काटा दाबायची सवय पोरांनी मनापासून घेतली. आता नवीन गळ आणला की आधी पक्कड मागतात. तंगसाचे तुकडे गोळा करायला बांधावर पत्र्याचा डबा ठेवलाय, तो भरतो. जाळ्यांत गळ अडकल्याची तक्रार पुन्हा आली नाही.

एक फायदा कुणीच गृहीत धरला नव्हता. तलावाच्या वरच्या अंगाला रात्री मोटारीच्या पेटीतून वायर टाकून करंटने मासे मारणारी टोळी यायची. लहान-मोठं सगळं मरतं, आणि मारणाराही मरू शकतो. संस्थेला संशय होता, पण एवढ्या लांबीच्या काठावर एक राखणदार कुठे कुठे पुरणार? मरळीसाठी पहाटे अंधारात गेलेल्या दोन पोरांनी वायर बघितली आणि मामांना फोन केला. माणसं पळाली, वायर आणि पिशव्या सापडल्या. सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारण्यावर 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे, पण कायदा काठावर उभा राहत नाही. ही पोरं राहतात. त्या दिवसानंतर संस्थेच्या माणसांचा पोरांशी बोलण्याचा सूर बदलला. चहा सुरू झाला.

टिकलं नाही ते बाहेरून येणाऱ्यांच्या बाबतीत. कुणीतरी मोठ्या मरळीचा फोटो टाकला, मागे बांध आणि देऊळ स्पष्ट दिसत होतं. पुढच्या रविवारी बाहेरगावच्या गाड्या. पावती मागितली की हुज्जत, तीन तोंडांचे गळ, कटल्याला पेंड. मामा एकटे. गावच्या पोरांनीच त्यांना सुनावलं तेव्हा ते गेले, पण दर सुट्टीला हे होणार. आता फोटो काढायचा तर पाठीमागे फक्त पाणी आलं पाहिजे, असा नियम पोरांनी आपसात केलाय. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी तोच सगळ्यात काटेकोर पाळला जातो.

माणशी एक मरळ हा नियमही सैल आहे. दिवाळीत पाहुणे आले की दोन-तीन जातात, हे मला माहीत आहे आणि चेअरमननाही. त्यावर भांडायला दोघांनाही वेळ योग्य वाटलेली नाही. पिलांवर गळ टाकायचं मात्र खरोखर थांबलंय. केशरी डाग दिसला की शाळकरी पोरंच ओरडून मोठ्यांना दुसरीकडे पाठवतात. गेल्या पावसाळ्यात मी काठाने चालत गेलो तेव्हा असे डाग जागोजाग दिसले.

खरी अडचण कागदाची आहे. संस्थेचा ठेका मुदतीचा. तो संपला आणि दुसऱ्या कुणाकडे गेला तर सभामंडपातला ठराव त्याला बांधील नाही. ठेक्याच्या अटी बीज किती सोडायचं आणि रक्कम कधी भरायची याबद्दल बोलतात. हौशी गळवाल्याचं त्यात नावही नाही, ना परवानगी, ना बंदी. म्हणून संस्थेने आणि पोरांनी मिळून ग्रामसभेत ठराव मांडला. पावती, उलटा काटा, दगडाची पातळी आणि पिलांचे महिने ही चार कलमं नव्या ठेक्याच्या अटींत घालावीत, अशी मागणी आहे. ग्रामसभेने तो एकमताने मंजूर केला आणि प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे गेली आहे. ठेक्याची मुदत संपायला अजून अवकाश आहे. तोवर काम जुन्याच पावतीपुस्तकावर चालू आहे, आणि ते संपत आलं म्हणून शेठनी विट्याहून दुसरं छापून आणलंय.